हद्दीबाहेरचा धूर

तो माणूस आपल्याकडेच रोखून बघतोय, असं भामाला वाटलं… आणि ती चिडली.

सत्तावन्न सालचा मार्गशीर्ष होता. कोवळं ऊन पडलं होतं. पनवेलच्या मुलींच्या शाळेत भरतकामाचा तास संपला होता आणि धुऊन काढलेले पांढरे रुमाल कुंपणावर वाळत होते. नेमकं तेव्हाच शाळेमागच्या भातगिरणीचं धुराडं फुरफुरलं आणि काळ्या राखेची ओंजळच्या ओंजळ हवेत उधळली गेली. भामा धावत बाहेर आली, रुमाल ओढून पदरात गोळा करू लागली. मान वर केली, तर रस्त्यापलीकडे एक तरुण उभा. सायकल कमरेला टेकवलेली, उजवा हात सरळ पुढे ताणलेला, हातात पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा आणि एक डोळा चक्क मिटलेला.

“काय बघताय?” तिनं विचारलं. नोकरी लागून तिला वर्षही झालं नव्हतं, पण आवाजाला वर्गातली धार आली होती.

त्यानं दुसराही डोळा उघडला. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. “तुमच्याकडे नाही हो, बाई… तुमच्या डोक्यावरच्या धुराकडे.”

भामानं वर पाहिलं. खरंच, धूर अगदी तिच्या डोक्यावरूनच चालला होता. हसू लपवायला तिनं रुमालांत तोंड खुपसलं आणि चेहरा वर केला तेव्हा नाकाच्या शेंड्यावर काजळी लागलेली होती. ती त्याला दिसली. सांगावं की नाही, या विचारात तो इतका वेळ उभा राहिला, की शेवटी शाळेची घंटाच झाली.

तो कमळाकर टिपणीस. म्युनिसिपालटीचा नवा सॅनिटरी इन्स्पेक्टर, अलिबागहून आलेला. गटारं, उकिरडे, मटणाची दुकानं बघणं हे त्याचं काम. पण त्याचं मन अडकलं होतं धुरात. मुंबईला शिकत असताना तिथल्या धूर-तपासनिसांबरोबर तो हिंडला होता आणि तो पुठ्ठा तिथूनच आणला होता. पुठ्ठ्यावर पाच चौकोन होते, पहिला जवळजवळ पांढरा, शेवटचा काळाकुट्ट. पुठ्ठा धुरासमोर धरायचा, धूर कुठल्या चौकोनाशी जुळतो ते पाहायचं, आणि तो त्या धुराचा नंबर. दुसऱ्या दिवशी हे सगळं त्यानं भामाला कुंपणापलीकडून समजावून सांगितलं आणि पुठ्ठा तिच्या हातात दिला. तिनंही एक डोळा मिटला.

“पाच,” ती म्हणाली.

“मला चार वाटला.”

“तुम्ही लांबून बघता. आम्ही याच्याखाली शिकवतो.”

मग ते रोजचंच झालं. सकाळी सायकल कुंपणाशी थबकायची आणि तो काही न बोलता बोटं वर करायचा, कधी तीन, कधी चार, कधी पाचही. शिकवता शिकवता भामा खिडकीतून मान हलवायची, नाहीतर आपली बोटं दाखवून त्याचा नंबर खोडून काढायची. मुली एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. गिरणी बंद असली, की तो नुसती मूठ दाखवायचा… आणि का कोण जाणे, त्या दिवशी दोघंही जरा हिरमुसलेली असायची.

संक्रांतीला ती काजळ घालून आली. तो कुंपणाशी थांबला आणि बोटं वर करायचंच विसरला.

“आज कितीचा?” तिनं विचारलं.

“धूर अजून पाहिला नाही.” तो अडखळला. “काजळ मात्र… पाच नंबरचं आहे.”

“मग दंड करा.”

“दंडानं काही होत नाही, बाई,” तो एकदम गंभीर होऊन म्हणाला. “तीच तर पंचाईत आहे.”

दुसरं कुणी असतं तर भामाला राग आला असता. अशा वेळी कुणी कायद्याचं बोलतं का? पण तो तिला तिथंच, त्याच वाक्याला आवडून गेला.

पंचाईत खरीच होती. गिरणीचे मालक हिराजीशेठ. धुराबद्दल म्युनिसिपालटी त्यांना दंड करी, आणि शेठचा मुनीम पाणीपट्टी भरावी तसा हसतमुखानं तो भरून जाई. दंड स्वस्त होता, उंच धुराडं महाग होतं. मग शेठनं खर्च का करावा? कमळाकर म्हणे, धुराला खर्च येतोच. फक्त तो गिरणीत येत नाही, लोकांच्या घरात येतो. पण किती येतो, हे कुणी कधी विचारलंच नव्हतं.

“मग विचारू या,” भामा म्हणाली.

तिनं मुलींना कामाला लावलं. घरी जाऊन आईला विचारायचं, की धुतलेले कपडे परत धुवायला साबण किती जातो, खोकल्याच्या काढ्यापायी वैद्याला काय द्यावं लागतं, दिवाळीची सफेदी होळीपर्यंत टिकते का. मुलींना चेवच आला. कुणी पापडांवर पडलेल्या राखेचा हिशेब आणला, कुणी आजोबांच्या दम्याचा. रविवारी रिकाम्या वर्गात दोघांनी फळ्यावर बेरीज मांडली. एकदा खडू घेताना बोटाला बोट लागलं आणि हातचा धरायचा राहून गेला. पुन्हा पहिल्यापासून बेरीज करावी लागली. दोघांपैकी कुणीच कुरकुर केली नाही. शेवटी जो आकडा आला, तो उंच धुराड्याच्या खर्चाहून मोठा होता.

कमळाकरनं त्या आकड्याभोवती खडूनं चौकोन काढला. “गाव पैसे मोजतंच आहे, भामाबाई,” तो हळूच म्हणाला. तिचं नाव त्यानं पहिल्यांदाच घेतलं होतं. “फक्त धूर थांबवायला नाही… सोसायला.”

भामाचं गाव शेलखार. पनवेलहून दीड कोसावर, खाडीच्या काठाला. तिचा बाप काशीराम गावंड मक्त्यानं मिठागर करी आणि आई गुणाबाई त्याच्या बरोबरीनं मीठ ओढी. मोठा भाऊ बळीराम, त्याची बायको, पोरं, सगळी त्याच मिठावर जगत. सातवीची फायनल परीक्षा पास होऊन मास्तरीण झालेली भामा ही गावातली पहिली मुलगी. सकाळी ती मासळीवाल्या बायांच्या टोपल्यांमागून चालत येई, संध्याकाळी एकटी परते. आता ती एकटी राहिली नाही. कमळाकर सायकल हातात धरून सोबत चाले… म्युनिसिपालटीच्या हद्दीच्या दगडापर्यंत. तिथून पुढे शेलखारची माणसं भेटत.

“तुमची हद्द इथवरच,” ती म्हणे.

“हद्द वाढवायचा ठराव मांडतो,” तो म्हणे.

ठराव त्यानं मांडला, पण तो धुराचा. त्याचा मसुदा अगदी साधा होता. धूर जितका काळा तितका दंड जास्त, आणि महिन्यागणिक तो चढत जाईल. म्हणजे कधीतरी धुराडं बांधणंच शेठला स्वस्त पडेल. सभासदांना हे पटेना. गिरणीवर हमाल जगतात, तिची जकात येते, शेठला दुखवून चालायचं नाही, असं जो तो म्हणू लागला. पावसाळाभर खल चालला. अखेर तडजोड झाली ती अशी, की हद्दीतल्या बॉयलरवाल्यांनी वर्षाच्या आत उंच धुराडं आणि राख अडवणारी खोली बांधावी, नाहीतर बॉयलर हद्दीबाहेर न्यावा.

कमळाकर भरधाव सायकल मारत शाळेत आला. मधल्या सुट्टीत, भर मैदानात, मुलींच्या देखत त्यानं गरम शेंगदाण्यांची पुडी भामापुढे धरली. तिनंही ती सगळ्यांच्या देखत घेतली. दोघं इतकी आनंदात होती, की ठरावातल्या शेवटच्या अर्ध्या वाक्याचा विचार कुणाच्या मनातही आला नाही.

त्या संध्याकाळी दगडापाशी तो नेहमीसारखा माघारी वळला नाही. अलिबागला आईशी बोलून आलोय, म्हणाला.  “काय म्हणाल्या?” भामानं विचारलं.

“आधी रडली. मग म्हणाली, खाडीकाठची आहे, तर मासे चांगले करत असेल. मासे करता येत असतील तर बाकीचं मी बघते.” तो हसला, पण सायकलची घंटी त्याच्या हातून उगाचच वाजत होती. “आता तुम्ही सांगा.”

भामानं खाडीकडे पाहिलं. ऊन कलत होतं, मिठाचे ढीग लांबून ओळीनं बसलेल्या बगळ्यांसारखे दिसत होते. “मीठसुद्धा घरचंच आणीन,” ती म्हणाली… आणि मागं न बघता भरभर चालू लागली.

वैशाखात, मिठाचा हंगाम उरकता उरकता लग्न काढायचं, असं तिनं मनाशी धरलं. घरी सांगायला मात्र तिला धीर होत नव्हता. आज सांगू, उद्या सांगू करता करता एका संध्याकाळी जेवताना बापानंच बातमी सांगितली. सरपंच बुधाजींनी खाडीकाठचं पडीक खाजण, भरतीच्या पाण्याखाली जाणारी खारट जमीन, विकलं होतं. पनवेलची भातगिरणी तिथं येणार होती. मचव्यातून भात थेट गिरणीच्या दारात उतरणार होतं, तांदूळ पाण्यावाटेच मुंबईला जाणार होता. उंच धुराडं बांधण्यापेक्षा शेठला हेच परवडलं होतं. शेलखारला ना म्युनिसिपालटी होती, ना ठराव.

“बळ्याला बॉयलरवर घेतो म्हनलेत,” काशीराम म्हणाला. “बारा म्हैने पगार. मिठाचं काय, पाऊस आला की आमी घरी.”

गुणाबाईनं देवापुढे गूळ ठेवला. भामाचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी तिनं कमळाकरला सांगितलं, आणि तो तसाच शेठकडे गेला. हिराजीशेठनी त्याला बसवलं, चहा मागवला. तो तोंड उघडायच्या आतच ते म्हणाले, “टिपणीससाहेब, तुम्ही सांगितलंत तेच केलं. हद्दीबाहेर चाललो. आता माझं काय चुकलं ते सांगा.”

कमळाकर चहाला न थांबताच उठला. शेठचं काहीच चुकलं नव्हतं.

“हे निस्तरल्याशिवाय मी तुमच्या बाबांपुढे उभा राहणार नाही,” तो भामाला म्हणाला. तिनं परोपरीनं समजावलं. लग्नाचा आणि गिरणीचा काय संबंध, असंही विचारलं. पण संबंध तिलाही ठाऊक होता. फळ्यावरची बेरीज दोघांनी मिळून केली होती, आणि त्या बेरजेत शेलखारचं एकही घर नव्हतं.

वैशाख आला आणि गेला. पुढल्या हिवाळ्यात शेलखारची गिरणी सुरू झाली.

पनवेलचं आकाश त्या वर्षी इतकं निळं होतं, की जुनी माणसं ओट्यावर बसून त्याचं कौतुक करत. शाळेतले रुमाल पांढरे वाळत. साहेब आता बोटं का दाखवत नाहीत, असं मुली विचारत. भामा त्यांना पाढे म्हणायला लावी.

शेलखारला दुपारनंतर खाडीवरचा वारा सुटे आणि बॉयलरमध्ये जाळलेल्या तुसाची राख आधी मिठागरांवर, मग गावावर उतरे. मिठाच्या वाफ्यांवर करडी साय धरे. काशीराम आणि गुणाबाई पहाटे उठून वरचा थर खरवडून टाकत. दुपार कलली की पुन्हा तेच. व्यापारी आला, ढीग बघून मान हलवत गेला. खायच्या मिठाचा भाव मिळणार नव्हता. चामडं कमावणारे देतील त्यात समाधान मानायचं. आणि गुणाबाईला खोकला लागला. आधी नुसता ठसका होता. मग धाप लागायला लागली. मग रात्र रात्र ती भिंतीला टेकून बसू लागली, कारण पाठ टेकली की श्वास अडे.

हद्दीच्या दगडाच्या पुढे कमळाकर पहिल्यांदा आला, तो त्या माघात. ज्या घरात जावई म्हणून यायचं, तिथं तो म्युनिसिपालटीचा साहेब म्हणून आला. काशीरामनं त्याला बांधावर नेलं, वाकून मूठभर मीठ उचललं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं.

“बघा सायेब. याला मीठ म्हनायचं का तीळ?”

कमळाकरनं ती मूठ मिटली, ती पनवेलला पोचेपर्यंत उघडली नाही.

मग तो कचेऱ्यांच्या मागं लागला. रजा काढून अलिबागला गेला, मुंबईला गेला. त्याला काय उत्तरं मिळाली, ते तो भामाला येऊन सांगे. मिठाचं खातं दिल्लीचं होतं. ते मिठावरचा कर बघे, मिठावरची राख नाही. बॉयलरचं खातं मुंबईचं होतं. ते बॉयलर फुटणार नाही ना, एवढं बघे. जमीन मामलेदाराची होती, खाडी बंदरवाल्यांची. धूर मात्र कुणाच्याच खात्यात नव्हता. मुंबई शहराला धुराचा कायदा होता, खेड्याला नव्हता. त्यातच राज्याची वाटणी व्हायची होती. महाराष्ट्र झाला की नवे कायदे होतील, तोवर थांबा, असं सगळे म्हणत. मे महिन्यात महाराष्ट्र झाला. पनवेलला रोषणाई झाली, मिरवणूक निघाली. भामा आईच्या छातीला तेल चोळत घरीच बसली होती.

पावसाळ्यात गिरणी बंद असे, तेवढे चार महिने गुणाबाईला बरे गेले. त्या पावसात भामा भिजत शाळेत जाई आणि कमळाकर छत्री घेऊन दगडापाशी उभा असे. छत्री एकच. खांद्याला खांदा लागे. पाणी रस्त्यावरून पायांत येई, आणि दोघं मुद्दाम सावकाश चालत. धुराचं कुणी काढत नसे. एकदा त्यानं तिच्या कपाळावरचं ओलं कुंकू बोटानं नीट केलं. पुढं आयुष्यात सुख म्हणून भामाला जे आठवलं, ते त्या चार महिन्यांतलंच.

दिवाळीनंतर कमळाकरला मुंबईच्या कचेरीत एक अधिकारी भेटला. तरुण होता, त्यानं ऐकून घेतलं. पनवेलचा ठराव भोवतालच्या तीन मैलांना लागू करायचा हुकूम काढता येईल, म्हणाला. कमळाकरनं रीतसर अर्ज करावा. कमळाकरनं अर्ज केला. सही व्हायची तेवढी राहिली. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा उजळला होता. आता तुमच्या बाबांना भेटायला येतो, म्हणाला.

ती बातमी शेठनाही कळली. ते चिडले नाहीत, भांडले नाहीत. खाडीपलीकडे उरणच्या बाजूला त्यांनी एक जागा आधीच बघून ठेवली होती, एवढंच त्यांनी बुधाजींच्या कानावर घातलं.

दुसऱ्या दिवशी बळीराम बहिणीच्या वाटेत उभा राहिला. बॉयलरपुढे उभं राहून राहून त्याचे डोळे लाल झाले होते. त्याच्यामागं गावातले आणखी चौघे-पाच जण होते. ते जरा लांबच थांबले.

“मीठ तं गेलंच, भामे,” तो म्हणाला. आवाज चढवला नाही. “आता गिरनी पन घालवायची काय? पोरांना काय खायला घालू? तुज्या सायबाला सांग… तुजं आयकेल तो.”

म्हणजे गावाला माहीत होतं. भामाला लाज वाटायला हवी होती, पण तेवढंही अंगात त्राण उरलं नव्हतं.

शाळा सुटल्यावर ती वर्गातच बसून राहिली. कमळाकर आला, शेजारच्या बाकावर बसला. तिनं सगळं सांगितलं. तो ऐकत होता, आणि त्याचा चेहरा हळूहळू विझत होता.

“मी तुमच्या आईसाठी करतोय हे,” तो म्हणाला.

“आईच्या जेवणात आता बळीदादाच्या पगाराचा तांदूळ असतो. मिठाचा नसतो.”

“हुकूम निघाला तर निदान हवा तरी…”

“खाडीपलीकडे जाईल गिरणी. तिथंही मिठागरं आहेत. तिथंही कुणाची तरी आई असेल.” तिनं त्याच्याकडे पाहिलं. “तुम्ही तिथवर जाल? आणि त्याच्या पुढच्या गावी? सगळीकडे एकदम लागू होईल असं काही नाही ना तुमच्याकडे?”

“नाही,” कमळाकर म्हणाला. “ते माझ्या हातात नाही.”

 मग त्यानं विचारलं, “मी काय करू ते तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल ते करतो.”

भामाला सांगता येईना. हुकूम काढा म्हणावं, तर भावाची चूल विझत होती. काढू नका म्हणावं, तर आईचा श्वास. तिनं ओंजळीत तोंड लपवलं. त्यानं हात पुढे केला, तिच्या केसांपर्यंत नेला, आणि तसाच मागं घेतला.

त्या आठवड्यात त्यानं अर्ज मागं घेतला. हे आपण तिच्यासाठी केलं, असं तो कधी म्हणाला नाही. तीही कधी म्हणाली नाही. शेलखारला लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. गिरणी चालू राहिली. कमळाकर गटारं, उकिरडे बघत राहिला. संध्याकाळी अजूनही तो दगडापर्यंत येई, पण बोलायला दोघांनाही काही सापडत नसे. हसण्यासारखं काही आठवलं, तरी हसावंसं वाटत नसे. जो तो दुसऱ्याला सांभाळत होता, आणि त्या सांभाळण्यानंच थकत होता.

फाल्गुनात त्यानं दुसरी नोकरी धरली. नाशिकजवळ, देवळालीच्या बाजूला, क्षयाच्या रोग्यांच्या एका आरोग्यधामात. निघायच्या आधी तो शेलखारला आला आणि काशीरामपुढे हात जोडून त्यानं भामाला मागणी घातली. त्याचबरोबर म्हणाला, आईंनाही घेऊन जातो. तिथली हवा कोरडी आहे, डॉक्टर आहेत, त्या बऱ्या होतील.

 काशीरामनं बायकोकडे पाहिलं. गुणाबाई भिंतीला टेकून बसली होती. एकेक शब्दाला श्वास घेत ती बोलली.

“तू चांगला हायेस, बाबा. मला नेशील. मंग यांना? बळ्याच्या पोरांना? शेजारच्या हौसाचा पोर पन खोकतो. आख्खा गाव नेशील काय?” ती थांबली, धाप ओसरू दिली. “हिला ने. हिला नाय म्हनायचे नाय आमी.”

पण भामानंच नाही म्हटलं.

एस.टी. स्टँडवर ती त्याला पोचवायला आली तेव्हा ऊन मी म्हणत होतं. नाशिकच्या गाडीला वेळ होता. एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी. तो ट्रंकेवर बसेना, तीही बसेना.

“भामा,” तो म्हणाला. बाई नाही, काही नाही. “अजून चल.”

तिनं डोळे पुसले नाहीत. “माझं मन तुमच्यावर आहे,” ती म्हणाली. इतक्या वर्षांत हे तिनं कधी उच्चारलं नव्हतं. “दुसऱ्या कुणावर जाणार नाही. हे तुम्हांला सांगायलाच आले आज.”

“मग का?”

“तिथं खिडकी उघडी टाकून झोपायचं… चांगल्या हवेत. आणि मला इथला खोकला ऐकू येत राहणार. मी झोपेन कशी? आणि मी झोपले नाही, तर तुम्ही झोपाल?”

कमळाकरनं मान खाली घातली. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता; झोपेन, असं त्यानं म्हटलं नाही. नुसतं तिचं मनगट धरलं, भर स्टँडवर, लोकांच्या देखत. तिनं ते सोडवून घेतलं नाही. गाडी लागली, ट्रंक टपावर गेली, कंडक्टरनं घंटी मारली. त्याची बोटं एकेक करून सुटली. खिडकीतून तो बघत राहिला. ती हात हलवायचा म्हणून हलवत होती… गाडी वळणाआड गेल्यावरही हलवतच होती. शेजारच्या पानवाल्यानं “बाई, गेली गाडी,” म्हटलं, तेव्हा तिनं हात खाली घेतला.

दीड कोस ती चालत आली. वाटेत ओळखीच्या बाया भेटल्या, त्यांच्याशी ती बोललीही. घरी आई भिंतीला टेकून दाराकडे तोंड करून बसली होती.

“गेला?”

“गेला.”

गुणाबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. “चांगला होता गो,” ती म्हणाली. भामानं मान हलवली आणि तेलाची वाटी घेऊन आईची छाती चोळायला बसली.

दुपार कलली. खाडीवरचा वारा सुटला, तशी आळीतली दारं एकेक करून लागू लागली. आता रोज याच वेळी सगळं शेलखार दारं लावून अंधारात बसत असे. भामाही दार लावायला उठली. आईनं तिचा पदर धरला.

“ऱ्हाऊ दे उघडं, घटकाभर,” ती म्हणाली. “मन बदललं, मागं वळला, तं दार लावलेलं दिसेल त्याला.”

भामा पुन्हा खाली बसली. दोघी रस्त्याकडे बघत राहिल्या. दिवेलागण झाली, तरी रस्त्यावर कुणी दिसलं नाही. उघड्या दारातून राख तेवढी आत येत राहिली.